मुंबईची गोदी: दीडशे वर्षांची वाटचाल

बॉम्बे पोर्ट ट्रस्ट १८७३च्या जूनमध्ये स्थापन झाले, ते किनारा खासगी हातांत जाईल या धास्तीतून. अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा आपल्याकडचा कापूस मुंबईमार्गे निघाला. त्या पैशावर कंपन्यांनी समुद्रात भराव घातले. १८६५मध्ये युद्ध संपले, बाजार कोसळला. पण मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा मोठा पट्टा त्यांतल्या एल्फिन्स्टन कंपनीकडेच होता. त्यात १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि बंदराचे महत्त्व आणखी वाढले. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि पुढे ट्रस्टच्या हवाली केली. किनारा सार्वजनिक मालकीचा झाला, हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत दूरदर्शी निर्णय वाटतो.

तोवर मोठी जहाजे खोल पाण्यात नांगरत आणि माल मचव्यांतून धक्क्यावर येई. १८७५मध्ये ससून डॉक झाला. १८८०मध्ये ट्रस्टने प्रिन्सेस डॉक उघडला. भरतीचे पाणी दरवाजे लावून आत अडवायचे, म्हणजे ओहोटीतही जहाज धक्क्याला तरंगत राहते. मग व्हिक्टोरिया डॉक, १९१४मध्ये अलेक्झांड्रा (आजची इंदिरा गोदी) आणि पाठोपाठ बंदराची स्वतःची रेल्वे.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटले. त्यात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरला होता. दोन स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान परतले नाहीत. देशभरातला अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिलला सुरू होतो. काही महिन्यांतच गोदी पुन्हा उभी राहिली ती गोदी कामगारांच्या श्रमावरही. आणि यातल्या बहुतेकांना टोळीवाल्याच्या, म्हणजे टोळीच्या मुकादमाच्या, मर्जीवर रोजचे काम मिळे. त्यांच्या रोजगाराला कायद्याचा आधार मिळायला १९४८ उजाडले. बंदराने शहराला श्रीमंत केले, हे म्हणताना हा उशीरही सांगितलाच पाहिजे.

कंटेनर आले आणि दाट वस्तीतली गोदी अपुरी पडू लागली. १९८९मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी भूसंपादनाविरुद्ध उतरले होते. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्याने मिळवले. बंदरासाठी जमिनी गेलेल्यांना मात्र ती पदरात पाडून घेण्यासाठी पुढेही कित्येक वर्षे भांडावे लागले.