उजळणी आणि मुंबईचं रक्त

जावई महाडच्या एमआयडीसीत नोकरीला, म्हणून लेकीचं बिऱ्हाड तिथेच. गेल्या आठवड्यात चार दिवस राहून आलो. नात बारावीला, शास्त्र शाखेत. जीवशास्त्राची उजळणी जोरात चालली होती. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं आणि जन्मभर शिकवला इतिहास! तरी म्हटलं, "तू शिकव, मी विद्यार्थी होतो." दुसऱ्याला सांगितलं की आपलं पक्कं होतं, एवढं शहाणपण मास्तरकीने दिलंय.

धडा रक्तगटांचा होता. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसांच्या रक्ताचे गट दाखवून दिले, १९३० साली त्यांना नोबेल मिळालं. तांबड्या पेशीवर ए किंवा बी नावाचा प्रतिजन असतो, दोन्ही असले तर एबी, एकही नसला तर ओ. आईकडून एक जनुक, बापाकडून एक. ए आणि बी प्रभावी, ओ अप्रभावी. पोरीने छान समजावलं. मग पान उलटत म्हणाली, "हे बॉम्बे फिनोटाइप सोडून देते आजोबा. अपवाद आहे नुसता."

अपवाद म्हटलं की इतिहासाच्या मास्तराचे कान उभे राहतात! तिला पान परत उलटायला लावलं.

गोष्ट आपल्या मुंबईचीच निघाली. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं की जे कुणाशीच जुळेना. पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणजे ओ म्हणायला हवं. पण ओ गटाचं रक्त मिसळलं तरी गुठळ्या! १९५२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि शहराचं नाव त्या गटाला कायमचं चिकटलं.

कारण मी माझ्या भाषेत असं समजून घेतलं. कोकणातलं घर आधी जोत्यावर उभं राहतं, मग भिंती. पेशीवर एच नावाचा पदार्थ म्हणजे जोतं, आणि ए, बी या त्यावरच्या भिंती. ओ गटात भिंती नाहीत, पण जोतं असतं. मुंबई गटात एच घडवणारं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं आलेलं असतं, म्हणून जोतंच नाही. ए-बीची जनुकं अंगात असली तरी दिसणार कुठे? आणि शरीराला एच परका, म्हणून ओ रक्तही चालत नाही.

नात म्हणाली, "म्हणजे जीनोटाइप वेगळा आणि फिनोटाइप वेगळा, तो असा!" अख्खा धडा त्या एका अपवादात उलगडला.

पण गोष्ट मार्कांपुरती नाही. चाचणीत ओ दिसणाऱ्या अशा बाईच्या पोटी एबी गटाचं मूल येऊ शकतं. नियम अर्धाच शिकलेला माणूस काय करील? तिच्यावर संशय घेईल. घर मोडेल, आणि तिचा दोष काय तर पेशीवर एच नाही! तसंच, नुसतं 'ओ' वाचून रक्त चढवलं तर जिवावर बेतेल. म्हणून त्या माणसाचा रक्तद्रव ओ पेशींशीही ताडून पाहावा लागतो.

संध्याकाळी दोघं रिक्षाने गावात चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह इथलं पाणी ओंजळीत घेतलं. मागाहून सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून तळं 'शुद्ध' केलं. लँडस्टायनर यांच्या शोधाला तेव्हा पाव शतक उलटून गेलं होतं!

भारतात साधारण १०,००० माणसांत एखादाच मुंबई गटाचा असतो. त्याला रक्त लागलं तर चालतं फक्त त्याच गटाचं. देणारा सख्खा भाऊ असेल, नाहीतर कुठल्या तरी जिल्ह्यातला, कुठल्याही जातीचा अनोळखी माणूस. तो मिळाला की हात जोडायचे, जात विचारायची नाही.

नातीने पायरीवर बसून पाण्यात हात घातला. म्हटलं, बाई गं, आजची उजळणी पुरी झाली.