भागवंती आदर्श कशी ठरली? ‘हम लोग’ आणि कथनशास्त्राची एक कसोटी

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’चा पहिला भाग प्रसारित झाला. मद्यपी बसेसर राम, त्याची सोशिक पत्नी भागवंती, आजी-आजोबा, लल्लू आणि नन्हे हे दोन मुलगे, बडकी, मझली आणि छुटकी या तीन मुली. उत्तर भारतातील या निम्न-मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा सुमारे दीड वर्ष, १५६ भाग चालली. भारतातील पहिली ‘सोप ऑपेरा’ म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो. तिची दुसरी ओळख मात्र मागे पडली आहे: ही मालिका कथनाच्या एका निश्चित सिद्धान्ताबरहुकूम आखण्यात आली होती.

त्या सिद्धान्ताची मुळे शोधत थेट पेरू देशात जावे लागते.

१९६९ मध्ये तेथे ‘सिम्प्लेमेंते मारिया’ ही मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात आलेली मारिया घरकाम करते, लिहावाचायला शिकते, शिवणकाम आत्मसात करते आणि अखेर वस्त्रालंकार घडवणारी प्रसिद्ध कारागीर होते. मालिका लॅटिन अमेरिकेत जिथे जिथे दाखवली गेली, तिथे शिवणयंत्रांचा खप वाढला. सिंगर कंपनीने मारियाची भूमिका करणाऱ्या साबी कामालिच यांना सोन्याचे शिवणयंत्र भेट दिले. कृतज्ञता म्हणावी की हिशेब, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांना यात नवल वाटले नसते. १९२८ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी १०० रशियन अद्भुतकथा तपासून असे दाखवले होते की पात्रे बदलली तरी त्यांची कार्ये बदलत नाहीत, आणि अशी कार्ये एकंदर ३१ आहेत. कशाची तरी उणीव भासते, नायक घर सोडतो, एक दाता त्याची परीक्षा घेतो आणि त्याला चमत्कारी वस्तू देतो, उणीव दूर होते. मारियाच्या कथेत ती वस्तू म्हणजे शिवणयंत्र. जाहिरात हा याच साच्याचा सर्वांत आखूड प्रकार मानता येतो. तिच्यात उणीव, वस्तू आणि उणिवेचे निवारण एवढीच कार्ये उरतात. फरक इतकाच की लोककथेत उणीव नायकाची असते, जाहिरातीत ती प्रेक्षकाच्या घरात निर्माण करावी लागते. दात्याच्या परीक्षेची जागा किंमत घेते.

मेक्सिकोतील निर्माते-दिग्दर्शक मिगेल साबिदो यांनी मारियाच्या यशाचा बारकाईने अभ्यास केला. मालिका नकळत शिवणयंत्रे विकू शकते, तर जाणीवपूर्वक साक्षरता का पसरवू शकणार नाही, असा त्यांचा प्रश्न होता. एरिक बेंटली यांचे नाट्यविवेचन, युंग यांची आदिरूपे आणि अल्बर्ट बंडुरा यांचा अनुकरणातून शिकण्याचा सिद्धान्त एकत्र करून त्यांनी एक पद्धत बांधली. तिच्यात पात्रांचे तीन वर्ग होते. इष्ट मूल्याचा पुरस्कार करणारी, त्याला विरोध करणारी आणि या दोहोंमध्ये हेलकावे खात हळूहळू बदलणारी. इष्ट वर्तनाला कथेत पारितोषिक मिळावे, अनिष्ट वर्तनाला शिक्षा. १९७५ मध्ये त्यांनी प्रौढ साक्षरतेवर, तर १९७७ मध्ये कुटुंबनियोजनावर मालिका केली.

१९८२ मध्ये तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री, वर्ध्याचे खासदार वसंत साठे यांनी मेक्सिकोला भेट दिली आणि ही कल्पना भारतात आणली. लेखनाची धुरा हिंदी कादंबरीकार मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येत, घडलेल्या प्रसंगावर चार शब्द बोलत आणि निरोप घेत. कथनशास्त्राच्या परिभाषेत हा कथेबाहेरचा निवेदक. मराठी प्रेक्षकाला ही रचना नारदीय कीर्तनातून परिचित होती, मात्र उलट्या क्रमाने. कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण आधी आणि उत्तररंगातील आख्यान नंतर. येथे आख्यान आधी आणि निरूपण शेवटी. शिवाय हा निवेदक कोरा नव्हता. १९४३ च्या ‘किस्मत’पासूनची चार दशकांची चित्रपटस्मृती घेऊनच तो घराघरांत शिरत होता.

साच्याला पहिला तडा लवकरच गेला. सुरुवातीच्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश ठळक होता आणि प्रेक्षकांना तो रुचला नाही. तो विषय सौम्य करून कौटुंबिक सलोखा, स्त्रियांचे स्थान, मद्यपान अशा विषयांना जागा देण्यात आली. मालिकेची प्रायोजक असलेली मॅगी मात्र प्रत्येक भागासोबत आपल्या जागी राहिली. शासनाला मूळ संदेश मागे घ्यावा लागला, पण दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांना भारतीय स्वयंपाकघरात प्रवेश मिळाला. पेरूतील शिवणयंत्राचा प्रसंग वेगळ्या वस्तूनिशी पुन्हा घडला होता.

खरी कसोटी भागवंतीच्या पात्रावर लागली. साबिदोंच्या आराखड्यात ती अनुकरणीय नव्हती. सर्व काही निमूटपणे सोसणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला अपमानच येतो, हे पाहून प्रेक्षकाने धडा घ्यावा, अशी योजना होती. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासातून निराळेच चित्र समोर आले. काही प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानले होते.

याला प्रेक्षकाचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो कथा वाचण्यात पुरेसा तरबेज होता, पण त्याचे शिक्षण चित्रपटगृहात झाले होते. ‘श्यामची आई’ (१९५३) असो वा ‘मदर इंडिया’ (१९५७), तेथे आईचे दुःख ही शिक्षा नसते, तिच्या थोरवीचा तो पुरावा असतो. ती जितकी सोसते, तितकी उंच होते. आराखड्यातील शिक्षेची खूण प्रेक्षकाने पुण्याईची खूण म्हणून वाचली. निर्मात्याने भरलेला अर्थ आणि प्रेक्षकाने काढलेला अर्थ एकच असेल असे नाही, हे स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्येच मांडले होते. मेक्सिकोचा साचा भारतात आणणाऱ्यांनी कथानक, स्थळ, भाषा सारे बदलले. दुःखाचा अर्थ मात्र सर्वत्र सारखाच असेल, असे गृहीत धरले. प्रॉप यांच्याबाबतही हेच विसरले जाते. त्यांची ३१ कार्ये एका देशाच्या एका कथाप्रकारातून निघाली होती. पुढे चित्रपटांचे विश्लेषण करणाऱ्यांनी ती जगातल्या प्रत्येक कथेला लावून पाहिली.

या मालिकेला प्रेक्षकांची ४ लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद आहे. बडकीने डॉक्टर अश्विनीशी विवाह करावा की नाही, याविषयी तिचे मन द्विधा असताना अनेक तरुणींनी थेट बडकीलाच पत्रे लिहिली. प्रेक्षकाला सल्ला देण्यासाठी घडवलेल्या पात्राला प्रेक्षकच सल्ला देत होते: आता अधिक विचार करू नकोस, अश्विनीला होकार दे.