हस्तलिखिताचे माध्यमांतर : मोडी दप्तर ते कादंबरीलेखनाची संगणकप्रणाली

प्रस्तावना

लेखनाचे साधन बदलले की हस्तलिखिताची मांडणीही नव्याने करावी लागते. एका संगणकप्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत कादंबरी नेणाऱ्या आजच्या लेखकाला ही अडचण सर्वस्वी नवी वाटते. मराठी लेखनव्यवहाराला मात्र अशा स्थित्यंतरांचा जुना अनुभव आहे. मोडी कागद देवनागरी छपाईत आले, खिळ्यांची जुळणी संगणकीय अक्षरजुळणीत गेली आणि फॉन्टबद्ध मजकूर युनिकोडमध्ये आला. या तीन स्थित्यंतरांत काय टिकले आणि काय हरवले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी इचलकरंजीशी निगडित एका इतिहासलेखकाचे कार्य आधारभूत मानले आहे.

वासुदेवशास्त्री खरे यांची संपादनपद्धती

इचलकरंजी जहागिरीचे संस्थापक नारो महादेव यांनी सेनापती संताजी घोरपडे यांच्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी घोरपडे हे आडनाव स्वीकारले. या घराण्याचा वृत्तान्त वासुदेव वामन खरे (१८५८–१९२४) यांनी ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ या १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. खरे हे जवळच्याच मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक होते. पटवर्धन दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालिकेतून प्रसिद्ध करण्याचे त्यांचे काम १८९७ पासून सुरू होते.

हे काम केवळ नकलेचे नव्हते. दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत. मोडी लेखनात शब्द सुटे केलेले नसत, विरामचिन्हे जवळजवळ नसत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसे. अनेक खासगी पत्रांत महिना व चंद्रतिथी असे, पण वर्ष नसे. त्यामुळे मजकूर देवनागरीत आणताना शब्द कोठे तोडावा, कोणते पत्र कोणत्या वर्षातले आणि कोणत्या पत्राचे ते उत्तर, हे प्रत्येक वेळी आशयावरून ठरवावे लागे.

खरे यांनी पत्रे कालानुक्रमे लावली, त्यांना सलग क्रमांक दिले आणि पत्रसमूहांपूर्वी प्रसंग उलगडणारे निवेदन जोडले. पत्राचा मजकूर आणि संपादकाचे म्हणणे यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. शंभर वर्षांनंतरही अभ्यासक त्या संग्रहातील पत्राचा निर्देश त्याच्या क्रमांकाने करतात, याचे श्रेय या व्यवस्थेला आहे. लिपी आणि माध्यम दोन्ही बदलले, तरी प्रत्येक पत्राची ओळख शाबूत राहिली.

मुद्रणयुगातील कादंबरी

कादंबरीच्या बाबतीत ‘तुकडा’ आणि ‘सलग ग्रंथ’ यांचे नातेही जुने आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातून क्रमशः वाचकांसमोर आली. क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिली जाई आणि पुढे ग्रंथरूपात एकत्र बांधली जाई. हप्त्यांचा क्रम प्रकाशनाच्या तारखेनेच निश्चित होत असल्याने तो हरवण्याचे भय नसे.

इचलकरंजीत १९७४ साली पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हाही हस्तलिखित म्हणजे कागदांचा गठ्ठाच होता. पानावर क्रमांक असे, समासात दुरुस्ती असे, खोडलेला शब्दही वाचता येई. मजकूर, त्याचा क्रम आणि त्याच्या बदलांची नोंद या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर नांदत होत्या. संगणकाने त्यांची प्रथमच फारकत केली.

फॉन्टबद्ध मजकुराची कोंडी

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील भारतीय लिप्यांची रचना इस्कीच्याच आधीच्या रूपावर बेतलेली होती. प्रत्यक्ष छपाईच्या व्यवहारात मात्र निराळी वाट रूढ झाली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’, बंगळूरच्या सायबरस्केपची ‘आकृती’, सी-डॅकची ‘आयएसएम’ अशा प्रणालींतून तयार होणाऱ्या फायलींत बहुधा देवनागरी अक्षर साठवले जात नसे. रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी देवनागरी अक्षरांचे अवयव बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उरत.

या अवयवांचा क्रम डोळ्यांना दिसणारा होता. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर येते. ‘धर्म’मधील रफार फॉन्टबद्ध फायलीत ‘म’च्या नंतर असे, युनिकोडमध्ये ‘र्’ हा ‘म’च्या आधी येतो. म्हणून रूपांतर करताना चिन्हाला चिन्ह देऊन भागत नाही, उच्चाराचा क्रम पुन्हा उभारावा लागतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हा भेद रूपांतरात पुसला गेला, तर समुद्राच्या जागी डोंगरातल्या दऱ्या येतात आणि शब्द तपासणाऱ्या आज्ञावलीला त्यात काहीही वावगे दिसत नाही.

मजकूर केवळ ‘साध्या’ रूपात साठवला तर त्याहून मोठी हानी होते. कोणता शब्द कोणत्या फॉन्टमध्ये होता, ही माहितीच नष्ट होते. मग कादंबरीतील इंग्रजी संवादही देवनागरी समजून रूपांतरित होतो. पुढे युनिकोडमध्येही एकच अक्षर दोन प्रकारे लिहिले जाऊ लागले. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेतस्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वी ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात; शोध घेताना मात्र संगणक एकाला दुसऱ्यापासून वेगळे मानू शकतो.

या कोंडीची झळ थेट साहित्याला बसते. फॉन्टबद्ध काळातील ज्या ग्रंथांच्या फायली आज उघडत नाहीत, त्यांची नवी आवृत्ती काढायची तर छापील प्रत समोर ठेवून मजकूर पुन्हा टंकित करावा लागतो. ज्या मसुद्याची छापील प्रतच नाही, त्याला तोही आधार राहत नाही.

कादंबरीलेखनाच्या प्रणाली

एकविसाव्या शतकात कादंबरीलेखनासाठी स्वतंत्र प्रणाली आल्या. ‘स्क्रिव्हनर’ ही इंग्लंडमधील प्रणाली २००७ साली विक्रीस आली. ‘वायरायटर’ ही सायमन हेन्स या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने तयार केली. दोहोंत कादंबरी ही एक सलग फाईल नसते. प्रकरणे आणि प्रसंग यांचे सुटे तुकडे असतात आणि प्रत्येकाला सारांश, टीप, पात्रे यांची जोड देता येते. ही व्यवस्था रुमालातील कागदांशी मिळतीजुळती आहे.

तुकडे एकत्र करून सामान्य शब्दप्रक्रियकात नेले की गाभ्याचा मजकूर सुखरूप जातो. पण सारांश, खुणा आणि जुने मसुदे सहसा मागे राहतात. उलट दिशेने जाताना सलग फाईल कोठे तोडायची, हा प्रश्न येतो. आधीच ठरावीक खूण घातलेली असेल तर प्रणाली तिथे तुकडे पाडते. नसेल तर वर्ष नसलेल्या पत्रासारखी प्रत्येक प्रसंगाची जागा आशयावरून शोधावी लागते.

येथे खरे यांची पद्धती मार्गदर्शक ठरते. स्थलांतरापूर्वी मूळ फायली हात न लावता जतन कराव्यात आणि त्यांत वापरलेले फॉन्टही सोबत ठेवावेत. प्रत्येक प्रसंगाला मजकुरातच क्रमांक द्यावा. केवळ प्रणालीच्या यादीतील स्थानावर विसंबू नये. टिपा आणि सारांश क्रमांकानिशी वेगळ्या फायलीत उतरवावेत. प्रथम एकच प्रकरण नेऊन जोडाक्षरे, रफार, अवतरणचिन्हे आणि इंग्रजी शब्द मुळाशी ताडून पाहावेत. अखेरीस संपूर्ण मजकुराची एक छापील प्रत काढून ठेवावी.

निष्कर्ष

१. माध्यमांतर ही संपादनाची क्रिया आहे. नकल समजून केलेल्या रूपांतरात चुका राहतात आणि त्या शुद्ध शब्दांच्या रूपात राहत असल्याने सहज सापडत नाहीत.

२. अक्षर, क्रम आणि नोंद हे हस्तलिखिताचे तीन स्तर आहेत. रूपांतराची साधने प्रामुख्याने अक्षराची काळजी घेतात. क्रम आणि नोंद यांची जबाबदारी लेखकावरच राहते.

३. युनिकोडमुळे अक्षराचा प्रश्न बव्हंशी सुटला आहे. मसुद्यांच्या इतिहासाचा प्रश्न सुटलेला नाही. पटवर्धन दप्तर वाचता आले, कारण कागद टिकले आणि ते कोणी तरी क्रमाने लावले. आजच्या कादंबरीचे मसुदे उद्याच्या अभ्यासकाला मिळायचे असतील, तर हे दुसरे काम लेखकाने स्वतःच, प्रणाली बदलण्याच्या आधी करून ठेवणे आवश्यक आहे.