तांबटाच्या हातोडीपासून गणकयंत्रापर्यंत

इतिहास म्हटला की किल्ले, राजे आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. जंजिरा रोज नजरेस पडणाऱ्या आपणां मुरुडकरांच्या बाबतीत तर हे साहजिकच होय. परंतु जुन्या घरातील तांब्याचे घंगाळ आणि लग्नकार्यातील देग यांनाही इतिहास आहे. सपाट पत्र्याला आकार देण्याच्या या विद्येचा हा धावता आढावा.

पेशवाईत कोकणातून पुण्यास गेलेल्या त्वष्टा कासारांची वस्ती म्हणजे कसबा पेठेतील तांबट आळी. तांबे ठोकत गेले की ते ताठर होते व अखेर तडकते. म्हणून तांबट ते तापवून मऊ करतो, पुन्हा ठोकतो आणि शेवटी मठारतो. पत्रा किती ताण सोसेल, हे त्याच्या हाताला कळते. हे ज्ञान ग्रंथात नव्हते. ते बापाकडून मुलाकडे जाई.

पुढे मोटारींचे युग आले. टेल्कोने १९६६ साली पुण्यात कारखाना उभारला. मोटारीचा दरवाजा हातोडीने नव्हे, तर प्रचंड प्रेसमध्ये साच्यावर दाबून घडतो. पत्र्याची कड सैल धरली तर सुरकुत्या पडतात, घट्ट धरली तर तो फाटतो. आणि दाब सुटताच थोडा मागे उसळतो. पूर्वी साचा कोरावा, पत्रा दाबून पाहावा, दोष दिसला की पुन्हा घासावा, असे चाले. त्यात महिनेच्या महिने जात.

यावर उपाय गणिताने दिला. अवघड आकाराचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचा हिशेब मांडण्याच्या पद्धतीस १९६० साली रे क्लफ यांनी नाव दिले. त्याच दशकात स्टुअर्ट कीलर यांनी पत्र्यावर लहान वर्तुळे उमटवली. पत्रा ताणला की ती लंबगोल होत. त्यावरून पत्रा कोठवर ताणावा, याची सीमारेषा आखता आली. गुडविन यांनी १९६८ साली ती पूर्ण केली. १९७६ साली अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी बॉम्बच्या आघाताचा अभ्यास करण्यासाठी 'डायना-थ्री-डी' ही आज्ञावली रचली. संहारासाठी जन्मलेल्या त्या गणितातूनच पुढे पत्राकामास उपयोगी आज्ञावली निघाली. आज पोलादात साचा कोरण्यापूर्वीच पत्रा कोठे फाटेल, हे पडद्यावर पाहता येते.

मात्र यंत्राला धातूची जात आपोआप कळत नाही. पत्र्याची पट्टी कापून, ती तुटेपर्यंत ताणून, मिळालेली मापे त्याला द्यावी लागतात. मापे चुकली तर पडद्यावरील चित्र सुबक दिसेल, पण कारखान्यात पत्रा फाटेल.

तांबटाचा प्रश्न आजही तोच आहे : हा पत्रा किती सोसेल? फरक एवढाच की उत्तर आता आकड्यांत लिहिता येते. जे लिहिता येते ते शाळेत शिकवता येते. एके काळी तांबटाच्या मुलालाच मिळणारी ही विद्या आज मुरुडच्या कोळ्याच्या किंवा खलाशाच्या मुलामुलींनाही खुली आहे. तिचा उंबरठा मात्र गणिताचा आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.