राखीव जागा कोणाच्या? क्रिकेटच्या खुर्च्यांचा इतिहास

१९९९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता. मेहकर आणि लोणारच्या मधल्या आमच्या सुलतानपुरात तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत होते. त्यातल्या एका घरी आम्ही बौद्धवाड्यातली पोरे सामना बघायला जायचो. टीव्ही ओसरीत. घरची माणसे सतरंजीवर, गावातली बाकीची पोरे पायऱ्यांवर आणि आम्ही अंगणात, जिथे सगळे चपला काढून ठेवत तिथे. आम्हाला कोणी हाकलले नाही, हे खरे आहे. पाणीसुद्धा मिळायचे, वरून ओंजळीत. वडिलांचा अंत्यविधी करून सचिन परत गेला आणि केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या, ती खेळी आम्ही चपलांच्या ढिगाशेजारून पाहिली. पडद्यावरचे आकडे तिथून वाचता येत नसत. पायरीवरच्या एखाद्याला विचारावे लागे आणि त्याच्या मनात आले तर तो सांगे.

हे आज लिहायचे कारण म्हणजे अभ्यासिकेतल्या मुलांनी विचारलेला एक प्रश्न. "दादा, वानखेडेला नाहीतर नागपूरला जामठ्याला कमी पैशात एकदम चांगल्या जागेवर बसून मॅच बघता येईल का?" मुलांची समजूत अशी की चांगली जागा म्हणजे महाग जागा, पैसे साठवले आणि वेळेवर मोबाइलवर बोटे चालवली की ती मिळते. आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा वेगळेच दिसले. मोठ्या सामन्याची चांगली जागा बाजारात फारशी येतच नाही. ती आधीपासून राखीव असते. आमच्या आरक्षणावर नाक मुरडणाऱ्यांना ही राखीव जागा मात्र कधी खुपत नाही.

मुळापासून बघू. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. तो फक्त गोऱ्यांचा. हिंदी माणसाला त्याचे सभासद होता येत नसे. मग पारशांनी १८८५ मध्ये, मुसलमानांनी १८९२ मध्ये आणि हिंदूंनी १८९४ मध्ये आपापले जिमखाने काढले. समुद्रकिनाऱ्याची जमीन सरकारने दिली, इमारती धनिकांनी बांधल्या आणि पॅव्हेलियन सभासदांचे झाले. सामान्य माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून बघायचा. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये याच बॉम्बे जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा केल्या, त्या अशा क्लबच्या अंगणात, ज्याचे सभासदत्व त्यांना मिळू शकत नव्हते.

पण गोऱ्यांना शिव्या घालून हा इतिहास संपत नाही. हिंदूंच्या पॅव्हेलियनमध्ये कोण बसत होते ते पाहिले पाहिजे.

धारवाडात चर्मकार समाजात जन्मलेले पळवणकर बाळू पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करत. पगार महिन्याला चार रुपये. तिथे ते इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन्तास गोलंदाजी करत. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, तेव्हा बाळूंची गरज पडली. मैदानात बाळूंनी टाकलेल्या चेंडूला सवर्णांचे हात लागत होते, त्याचा विटाळ होत नव्हता. चहाची वेळ झाली की मात्र सगळे पॅव्हेलियनमध्ये जात आणि बाळूंना चहा बाहेर मिळे, मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळे. १९११ मध्ये हिंदी संघ इंग्लंडला गेला तेव्हा याच बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. इतके बळी घेऊनही त्यांना हिंदूंचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही आधी भांडण झाल्यावर. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले, तेव्हा भावांनी खेळायला नकार दिला होता.

इथे आमच्याच काही मित्रांचा आक्षेप आम्हाला माहीत आहे. बाळू काँग्रेसच्या बाजूचे होते, १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे, १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत ते बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. मग त्यांचे गोडवे कशाला? गोडवे नाहीत. राजकारणात ते चुकले, असेच आमचे मत आहे. पण मातीच्या भांड्यातला तो चहा काही काँग्रेसने प्यायलेला नाही. तो आपल्या माणसाने प्यायला, पॅव्हेलियनच्या बाहेर उभे राहून. तो आपल्या इतिहासातून काढून टाकता येणार नाही.

आता १९३७ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी फेब्रुवारीत मुंबई इलाख्यात निवडणुका झाल्या. कायदेमंडळाच्या १७५ जागांपैकी १५ अस्पृश्यांसाठी राखीव होत्या आणि त्या पंधरांवरून केवढा गहजब झाला होता! त्याच वर्षी डिसेंबरात चर्चगेटजवळ ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे पुन्हा सभासदांचे. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन यांच्या चौरंगी स्पर्धेत त्या हंगामात पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. पण हिंदू संघ खेळलाच नाही. कारण काय? नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याच्या वाट्याला किती खुर्च्या, यावरून झालेले भांडण. पंधरा राखीव जागांनी ज्यांना देश फुटण्याची भीती वाटत होती, त्यांच्यातलेच वजनदार लोक आपल्या राखीव खुर्च्या कमी पडल्या म्हणून बहिष्कार घालून बसले.

त्या पाचव्या संघाचे नाव होते 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. त्यात हिंदी ख्रिस्ती, ज्यू आणि बौद्ध मोडत. येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा करून जेमतेम दोन वर्षे झाली होती. आपण ज्या घरात पुढे १९५६ मध्ये गेलो, ते घर क्रिकेटच्या हिशेबात 'उरलेल्यां'मध्ये होते. या उरलेल्यांकडून सांगलीचे विजय हजारे १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध उतरले. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. हे वाचले की आम्हाला अजून बरे वाटते.

खुर्च्यांचे भांडण स्वातंत्र्यानंतरही मिटले नाही. ब्रेबॉर्नचे मालक क्लबवाले, सामने भरवणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. दर कसोटीला असोसिएशनला किती जागा, यावरून ओढाताण. अखेर १९७३ नंतर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी वेगळे स्टेडियम बांधायचे ठरवले. हे आपल्या विदर्भातले आणि तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष. सभागृहात कोण कुठे बसणार, हे त्यांच्याच अखत्यारीत! ब्रेबॉर्नपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, वर्षभराहून थोड्या अधिक काळात वानखेडे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केले. त्याचे अभिनंदन करायला एक मुलगा मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारले आणि प्रेक्षक भडकले. खुर्च्यांच्या वाटणीसाठी बांधलेल्या स्टेडियमच्या पहिल्याच कसोटीत साध्या प्रेक्षकाच्या पाठीवर काठी पडली. ब्रेबॉर्नवर पुढची कसोटी व्हायला २००९ उजाडले.

मग वानखेडेवर तरी सामान्य माणसाला जागा मिळाली का? २ एप्रिल २०११ चा विश्वचषक अंतिम सामना आठवा. स्टेडियमची क्षमता सुमारे ३३,००० आणि लोकांना विकायला ठेवलेली तिकिटे सुमारे ४,०००. बाकीची गेली आंतरराष्ट्रीय परिषदेकडे आणि सर्वाधिक संलग्न क्लबांकडे. हे क्लब असोसिएशनच्या निवडणुकीत मत देतात. मत त्यांचे, म्हणून खुर्ची त्यांची. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही संबंधांच्या भांडवलाविषयी शिकलो होतो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात नव्हते.

लोढा समितीच्या सुधारणांनंतर ९० टक्के जागा लोकांना विकाव्यात आणि १० टक्केच फुकट वाटाव्यात, असा नियम आला. त्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये काय झाले? फुकट पासांच्या वादातून इंदूरचा एकदिवसीय सामना विशाखापट्टणमला गेला. त्याच मालिकेत वानखेडेचा सामनाही हलला आणि तो झाला कुठे, तर ब्रेबॉर्नवर!

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या सेंट लुईसमधल्या मैदानावर काळ्या प्रेक्षकांना १९४४ पर्यंत उजव्या कोपऱ्यातल्या स्टँडमध्येच बसावे लागे. खिशात पैसे असले तरी चांगली खुर्ची मिळत नसे. जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला १९४७ मध्ये. म्हणजे तिथे प्रेक्षकाची खुर्ची आधी मोकळी झाली, मग खेळाडूची जागा. आपल्याकडे उलटे झाले. बाळू आधी मैदानात आले, पॅव्हेलियनचे दार मागाहून किलकिले झाले.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाला आमचे उत्तर दोन भागांत आहे. वानखेडेची जमीन सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. म्हणून प्रत्येक सामन्याआधी किती जागा विकल्या, किती वाटल्या आणि कोणाला वाटल्या, याची यादी जाहीर व्हावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. तिकिटाच्या रांगेत धक्काबुक्की करण्यापेक्षा हे काम मोठे आहे.

दुसरा भाग सोपा. जिथे वशिलेवाल्यांना यायचे नसते, तिथे उत्तम खुर्ची फुकट मिळते. रणजीच्या सामन्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसते. मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामात बाया आणि मुलींना प्रवेश मोफत होता, त्यातले निम्मे सामने ब्रेबॉर्नवर झाले. आपल्या मुलींना आम्ही तेव्हा नेले नाही, ही आमची चूक.

पुढच्या वर्षी ती अर्धीच सुधारली, कारण नेली ती पुन्हा पोरेच. मार्च २०२४ मध्ये रणजीचा अंतिम सामना वानखेडेवर होता, मुंबई विरुद्ध विदर्भ. आम्ही सात जण रात्रीच्या गाडीने निघालो, सकाळी दादरला उतरून चैत्यभूमीवर गेलो आणि तिथून लोकलने चर्चगेट. दारावर कोणी तिकीट मागितले नाही. उघड्या ठेवलेल्या स्टँडमध्ये हवी ती खुर्ची घ्या! पोरे आधी मागच्या रांगेत जाऊन बसली. पुढे या म्हणून दोनदा सांगावे लागले. शेवटचा दिवस होता, विदर्भापुढे ५३८ चे लक्ष्य. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी जेवणापर्यंत एकही बळी जाऊ दिला नाही. वाडकरने शतक केले. मग पाच बळी भराभर गेले आणि विदर्भ ३६८ वर संपला.

परतताना गाडीत एकाने विचारले, बाळूंचे नाव कोणत्या स्टँडला आहे? आम्हाला तिथे मर्चंट, गावस्कर, तेंडुलकर ही नावे दिसली होती. बाळूंचे दिसले नव्हते. मे २०२५ मध्ये तिथे आणखी तीन नावे लागली, वाडेकर, पवार आणि रोहित शर्मा. त्याला अजून उत्तर द्यायचे राहिले आहे.