शामानाचा डफ आणि शेकड्याचे फासे

अमरकोशात यमाची जी नावे दिली आहेत, त्यांत ‘शमन’ हे एक आहे. इकडे सैबेरियातील तुंगुस लोकांच्या भाषेत पितरांशी व अदृश्य सत्त्वांशी व्यवहार करणाऱ्या माणसास ‘सामान’ म्हणतात, आणि त्यावरूनच युरोपीय भाषांत ‘शामान’ हा शब्द रूढ झाला. या दोन शब्दांचे नाते केवळ ध्वनीपुरते आहे. परंतु आपल्या ‘श्रमण’ शब्दाशी मात्र त्याचा रक्तसंबंध असावा, असे पुष्कळ पंडितांना दीर्घकाळ वाटत आले. श्रमण, पालीतला समण, चिनी भाषेतला शा-मेन अशी वाट काढीत बौद्ध भिक्षूंबरोबर हा शब्द उत्तरेच्या अरण्यात पोहोचला, अशी ही उपपत्ती. १९१७ साली बर्थोल्ड लाउफर यांनी ती खोडून काढण्याचा यत्न केला. १९२४ साली मिरोनोव्ह आणि शिरोकोगोरोव्ह यांनी ती पुन्हा उचलून धरली. वाद अगदीच मिटलेला नाही. तथापि शब्द मूळचा तुंगुसच असावा, याकडे आता अनेकांचा कल आहे. असो. या शब्दाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक प्रवास केला, तो अमेरिकेतील एका बैठ्या खेळात. त्याची हकीकत देवळाच्या सावलीत वाढलेल्या वाचकांस सर्वस्वी परकी वाटू नये.

प्रथम मूळ शामानाविषयी. १६९२ साली ॲम्स्टरडॅमचे निकोलास विट्सेन यांनी उत्तर व पूर्व तार्तरीवरील आपल्या ग्रंथात तुंगुस शामानाचे एक चित्र छापले. डोक्यावर शिंगे, हाती डफ, आणि चित्राखाली ‘सैतानाचा पुरोहित’ अशा अर्थाचे शब्द. युरोपला शामानाची ओळख झाली ती अशी, शिव्या देतच. वस्तुतः त्या लोकांत शामान हा वैद्य, पितरांचा दुभाषा आणि मृतात्म्यांचा वाटाड्या असे. याकूत व अल्ताई लोकांत त्याचा डफ म्हणजे घोडा आणि टिपरी म्हणजे चाबूक. डफावर थाप पडू लागली की त्याचा जीव त्या घोड्यावर बसून वरच्या अथवा खालच्या लोकी जातो, रोग्याचा हरवलेला प्राण शोधून आणतो, आणि तोवर त्याचा देह इकडे निश्चेष्ट पडतो. हे सामर्थ्य फुकट मिळत नाही. दीक्षेच्या काळी सत्त्वे आपल्या शरीराचे तुकडे करतात आणि पुन्हा नवे शरीर जुळवतात, असे दर्शन उमेदवारास होते, अशी याकूतांची श्रद्धा. १९३० नंतरच्या दशकात सोव्हिएत राजवटीने या शामानांवर वरवंटा फिरविला. कित्येक तुरुंगात गेले, कित्येक मारले गेले, आणि त्यांचे डफ जप्त झाले. त्यांतले काही पुढे वस्तुसंग्रहालयांच्या कपाटांत दिसू लागले.

आता खेळाकडे वळू. त्याचा वंशवृक्ष आपल्याच अंगणातून निघतो ही मौज आहे. चतुरंगाचे बुद्धिबळ झाले. १७८० साली जर्मनीत हेल्विग यांनी बुद्धिबळाच्या पटाला रणभूमीचे रूप दिले, आणि १८२४ साली प्रशियाच्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने फासे, नकाशे व पंच यांसह सैनिकी शिक्षणाचा ‘क्रीगस्पील’ सिद्ध केला. त्या परंपरेतील हौशी लोकांपैकी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. यात प्रत्येक खेळाडू फौजेऐवजी एकाच व्यक्तीचे सोंग घेतो. तो योद्धा असेल, पुरोहित असेल वा मांत्रिक असेल. पंच गोष्ट सांगतो, खेळाडू आपण काय करू ते बोलतात, आणि जेथे यशापयशाचा संशय असेल तेथे फासे पडतात. पार्श्वभूमी बहुधा युरोपच्या मध्ययुगाची, पण कल्पनेने रंगविलेली.

या पहिल्या खेळाने शामानास दिलेली जागा पाहण्यासारखी आहे. १९७९ साली पंचासाठी जो मार्गदर्शक ग्रंथ निघाला, त्यात शामान आणि भूतवैद्य आहेत ते गॉब्लिन, ऑर्क इत्यादी रानटी राक्षसजातींत. आणि त्यांच्या विद्येची मजलही नियमाने आखडलेली. सुसंस्कृत माणसांस पुरोहित, रानटींस शामान, अशी ही उतरंड. एकोणिसाव्या शतकातील साहेबी मानववंशशास्त्राने जी शिडी बांधली होती, तीच येथे फाशांच्या पटावर उभी राहिली. ग्रंथकारांचा हेतू दुष्ट होता असे मी म्हणत नाही. त्यांनी हाताशी होते ते वापरले. पण पुढच्याच वर्षी, १९८० साली, निरनिराळ्या लोकांच्या देवतांवर त्यांचे जे पुस्तक निघाले, त्यात इंद्र, वरुण, यम, विष्णू, लक्ष्मी आणि काली यांनाही आकडे चिकटविले होते: किती प्रहार सोसतील, कवच किती भक्कम. देव्हाऱ्यातील मूर्तीला कोणी तागडीत घातले तर जे वाटेल, तेच ते पान पाहून आपल्याला वाटते. सैबेरियातील शामानाच्या नातवाने तो आधीचा ग्रंथ उघडला तर त्याला काय वाटेल, याचा अंदाज त्यावरून करावा.

याच काळात दुसरी एक वाट निघाली होती. ग्रेग स्टॅफर्ड हा १९४८ साली जन्मलेला तरुण १९६६ साली, कॉलेजात शिकत असताना, ‘ग्लोरांथा’ नावाच्या एका कल्पित जगाच्या कथा रचू लागला. १९७५ साली त्याने केऑसियम ही संस्था काढली, आणि १९७८ साली स्टीव्ह पेरिन व त्यांचे सहकारी यांनी त्या जगावर ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ बेतला. हे जग काटेकोर अर्थाने मध्ययुगीन नव्हे, ते कांस्ययुगाच्या अधिक जवळचे. तरी त्याची गणना त्याच जातीच्या खेळांत होते. १९७९ साली आलेल्या त्याच्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ या पुस्तकात प्रत्येक उपास्यदेवतेची पुराणकथा, मरणोत्तर गती, उपासकांच्या पायऱ्या आणि देवतादेवतांमधील नाती हे सारे मांडले आहे. दीक्षित उपासकाने आपल्या वेळेचा व मिळकतीचा दशांश द्यावा, पुरोहिताने तर नव्वद टक्के. उपासक किती यावर देवस्थान लहान घुमटी की मोठे क्षेत्र हे ठरावे, असे नियम या खेळात आहेत. देवस्थानाचे हिशेब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वाचताना ओळखीचे हसू येईल.

देवळातील पुरोहिताची ही वाट झाली. शामानाची वाट निराळी, आणि या खेळाची खरी करामत तीतच आहे. प्रत्येक सजीवाच्या ठायी एक ‘शक्ती’ असते व ती आकड्यात मोजतात. माणसाची तीन फासे टाकून ठरते, म्हणजे सरासरी साडेदहा. सत्त्वाशी झुंज व्हायची ती या शक्तीने. दोघे तुल्यबळ असतील तर यशाची शक्यता शेकडा ५०. एका अंकाचा अधिकउणेपणा असेल तर ५ टक्के वाढतात वा घटतात. शामानाची शक्ती १३ आणि रोगसत्त्वाची ११ असेल तर शेकडा ६० वर बाजी लागते. होय, या जगात रोग ही सत्त्वेच आहेत, आणि रोग्याच्या अंगातले सत्त्व शामानाने झुंजून हुसकावयाचे असते. हरला तर झळ त्यालाच पोहोचण्याचे भय.

शामान होण्यासाठी आधी गुरूजवळ उमेदवारी करावी लागते. मग जिवाच्या लोकी जाऊन ‘वाईट मनुष्य’ या नावाच्या भयानक सत्त्वासमोर उभे राहावे लागते. त्यातून जो पार पडला, त्याच्या आत्म्याचा एक अंश जागा होऊन निराळा राहतो. शामान जागेपणी वावरत असता हा जोडीदार अदृश्य लोकाकडे डोळे लावून असतो. शामानाचा जीव देह सोडून जातो तेव्हा हाच देहाची राखण करतो. नव्या आवृत्तीत तर प्रत्येक विशेष सिद्धीबरोबर एखादा निर्बंध गळ्यात पडतो, आणि तो मोडता येत नाही. याकूतांच्या दीक्षेतील ती चिरफाड, तो घोड्यासारखा डफ, तो पडून राहिलेला देह हे सारे येथे नियमांच्या रुक्ष भाषेत उतरले आहे, पण विटंबना न होता उतरले आहे.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. कोकणात व गोव्यात ‘अवसर’ येतो, शिगम्यात गडे भारावतात. ते आणि हा शामान एकच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण अवसरात देव माणसाच्या अंगात येतो. शामानाचा जीव उलट देहाबाहेर जातो. मिर्चा एलियाद यांनी १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात या दुसऱ्या गोष्टीसच शामानपणाचे लक्षण मानले. पुढच्या अनेक अभ्यासकांनी ती रेषा इतकी ठाम मानली नाही, कारण सैबेरियातही सत्त्वे अंगात शिरतातच. खेळाने मात्र ती रेषा ठळक ठेवली आहे: प्रवास हे कौशल्य, आणि सत्त्वाने अंगाचा ताबा घेणे हे बहुधा संकट. आपल्या अवसराला संकट म्हणणे कोणा गावकऱ्याला रुचणार नाही. फाशांचे साम्य शोधायचेच तर ते कौलाशी शोधावे. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, याची वाट पाहताना सभामंडपात जी शांतता होते, तशीच काहीशी फासे घरंगळत असताना त्या टेबलाभोवती होत असावी.

डाका फाल हा त्या जगातील मृतांचा न्यायाधीश. तो सर्वांत आधी मेलेला माणूस. जिवंत आणि मृत यांची निवड तो करतो, आणि त्याचे पुरोहित शामानच असतात. ऋग्वेदातील यम हा मरणाची वाट प्रथम शोधणारा आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

स्टॅफर्डची शामानविद्या पुस्तकी नव्हती. तो स्वतः तिचा साधक होता, आणि ‘शामान्स ड्रम’ या नियतकालिकाच्या मंडळावरही होता. येथे मात्र आक्षेप उभा राहतो. अमेरिकेतील गोऱ्या साधकांनी तेथील मूळ रहिवाशांचे स्वेदनगृहासारखे विधी उचलले, याविरुद्ध लाकोटा लोकांनी १९९३ साली कडक जाहीरनामा काढला. त्यांची जमीन गेली, भाषा खिळखिळी झाली, विधींवर कायद्याने बंदी आली. आणि त्याच विधींचे पुढे परक्यांनी वर्ग भरविले. हा राग न्याय्य आहे. तरीही सारे उसने घेणे एका मापाने मोजावे, असे मला वाटत नाही. गॉब्लिनांच्या टोळीत शामानाला ढकलणे निराळे, आणि त्याच्या निर्बंधांसकट, भयासकट त्याला समजू पाहणे निराळे. एक लहानशी गोष्ट लक्षात घ्यावी. १९८५ साली स्टॅफर्डने आर्थर राजाच्या कथांवर ‘पेंड्रॅगन’ हा खरोखर मध्ययुगीन वातावरणाचा खेळ रचला, तेव्हा खेळाडूंच्या हाती जादू मुळीच दिली नाही. सर्वांनी सरदारच व्हावयाचे. जादू ज्याच्या त्याच्या हाती देण्याची वस्तू नव्हे, हे त्याने ओळखले होते.

सोव्हिएत सत्ता कोसळल्यावर तुवा प्रांतात शामान पुन्हा उघडपणे डफ वाजवू लागले. मोंगुश केनिन-लोपसान या तुवन पंडिताने आयुष्यभर त्यांच्या मंत्रगीतांचा संग्रह केला, आणि ‘डुंगुर’ म्हणजे डफ, या नावाने त्यांची संस्था उभी केली. २०२२ साली त्यांचे निधन झाले. स्टॅफर्ड त्यांच्या आधी गेला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील आर्केटा येथे, आपल्या घरच्या स्वेदनगृहातच, त्याने देह ठेवला. शामानाच्या जोडीदाराचे आणि त्या निर्बंधांचे नियम ज्या नव्या आवृत्तीत सविस्तर आले, ती त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.