काशीचा गडू आणि पडद्यावरचा घाट

आमच्या आजोळी देवघरात तांब्याचा एक सीलबंद गडू होता. पणजी काशीयात्रा करून आली, मावंदं झालं, एक गडू फोडून घरोघर गंगा वाटली आणि हा तसाच राहिला. ज्यांना जाणं जमलं नाही ते त्याला हात जोडत. पण तेवढ्याने आपली काशी झाली, असं कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

बनारसच्या मान महालात तो गडू आठवला. दशाश्वमेधाला लागून असलेल्या या राजपूत वाड्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये आभासी संग्रहालय सुरू झालं. काळोख्या दालनांत घाट, गंगा, संगीत, विणकाम पडद्यांवर उलगडत जातं. खरा घाट भिंतीपलीकडे, चार पायऱ्यांवर. तरी मी पडद्यासमोर बराच वेळ थांबलो, आणि माझा मलाच थोडा राग आला.

पण हा प्रकार संगणकाने आणलेला नाही. टांकसाळीतला अधिकारी म्हणून १८२० मध्ये इथे आलेल्या जेम्स प्रिन्सेपने घाट, मंदिरं, मिरवणुका रेखाटल्या. त्यांची शिळाछापाची चित्रं १८३०च्या दशकात प्रसिद्ध झाली. पुढे १८४० मध्ये रॉबर्ट बर्फर्डने लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये बनारसचं प्रचंड गोलाकार चित्र मांडलं. प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभा राही, उजेड वरून येई, चित्राच्या कडा झाकलेल्या असत. नजर वळवावी तिकडे गंगाकाठच. पडदा आणि वीज नव्हती, इतकाच फरक.

शहर असं चित्रांतून परदेशी पोहोचत असताना इथली चित्रं इथेच राहावीत म्हणून धडपडणारा माणूस म्हणजे राय कृष्णदास. १९२० मध्ये त्यांनी जो संग्रह उभा केला तोच पुढे भारत कला भवन झाला. रवींद्रनाथ टागोर त्याचे पहिले अध्यक्ष. १९५० मध्ये हा संग्रह काशी हिंदू विश्वविद्यालयात आला. त्यातली लघुचित्रं हे त्याचं वैभव.

त्या लघुचित्रांपुढे उभं राहिल्यावर माझी सोपी विभागणी मोडली. ही वीतभर चित्रं भिंतीसाठी काढलेलीच नव्हती. ती मांडीवर, हातात घेऊन, एकाने दुसऱ्याकडे देत पाहायची. संग्रहालयाने ती वाचवली, पण काचेआड नेली. मोबाइलवर तेच चित्र पुन्हा हातात येतं. मोठं केलं की केसाएवढ्या कुंचल्याची रेघ दिसते, जी काचेतून दिसली नव्हती. म्हणजे प्रत्यक्ष दालनही मूळ पाहणं देत नाही. मात्र पडदा एक गोष्ट हमखास हिरावतो ती म्हणजे आकार. वीतभर लघुचित्र आणि भिंतभर कॅनव्हास तिथे सारखेच.

१९६० मध्ये मकबूल फिदा हुसेन आणि राम कुमार मिळून बनारसला आले. हुसेन आपल्या पंढरपुरात जन्मलेले, म्हणजे तीर्थाची गर्दी त्यांना नवी नव्हती. राम कुमारांच्या चित्रांतली माणसं मात्र या शहरानंतर हळूहळू नाहीशी झाली. उरली घरांची दाटी, करडा उजेड, रंगाचे थर. हे थर बाजूने, तिरप्या उजेडात पाहावे लागतात. पडद्याला बाजू नसते.

२०२० च्या टाळेबंदीने या वादाची कसोटी घेतली. आर्ट बाझेलने हाँगकाँगचा मेळा रद्द करून मार्चमध्ये ऑनलाइन दालनं उघडली. त्या डिसेंबरात ठरलेली कोची-मुझिरिस बिएनाले मात्र थांबली आणि डिसेंबर २०२२ मध्ये भरली. बाजार पडद्यावर जाऊ शकला. जुन्या वखारींच्या भिंतींशी बोलणाऱ्या कलाकृती कुठे जाणार?

मला पडद्याची भीती वाटत नाही. पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या ‘जतन’ प्रणालीमुळे देशातल्या मोठ्या संग्रहालयांतल्या वस्तू गावातल्या मुलीलाही पाहता येतात, हे मोठं काम आहे. भीती वाटते ती ‘ऑनलाइन आहेच की’ या वाक्याची. त्या वाक्याच्या आधाराने दालनातला दिवा दुरुस्त करायचा राहतो, रखवालदाराची जागा रिकामी राहते, आणि एक दिवस कुलूपच लागतं. आजोळच्या गडूने काशीचा रस्ता कधी बंद केला नव्हता. उलट त्याच्याकडे पाहतच पुढच्या पिढीतले लोक यात्रेचे पैसे साठवत.

मी जिना चढून मान महालाच्या गच्चीवर गेलो. तिथे सवाई जयसिंगाची अठराव्या शतकातली वेधशाळा आहे. सम्राट यंत्राच्या तिरक्या भिंतीची सावली दगडी कमानीवर पडली होती. ती सरकते हे ऐकून ठाऊक होतं. ती सरकलेली दिसेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो.